बोटांचे ठसे वाचायला शिकायचंय? मग इथून सुरुवात करा

घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली ओळ असते, श्वानपथक आणि ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आलं. कुत्र्यानं कुठपर्यंत माग काढला ते पण छापून येतं, पण ठसेतज्ज्ञानं तिथं नेमकं काय केलं, ते काम शिकायचं कुठं, त्याला काय लागतं, हे कुणी लिहीत नाही. बीड, परभणी, हिंगोली, धाराशिवकडची बारावी सायन्स झालेली किंवा बीएस्सीला असलेली पोरंपोरी हेच विचारत असतात, म्हणून सगळं एका जागी लिहितोय, घरून काय सुरू करता येतं तिथपासून ते कोर्टापर्यंत.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्या हिशोबानं वाचाल. हे काम डोळ्याचं आहे, मशीनचं नाही, आणि यातलं सगळ्यात अवघड वाक्य "ठसा जुळला" हे नसून "या ठशावर मत देता येत नाही" हे आहे. ते वाक्य न लाजता म्हणता यायला लागलं की तुम्ही शिकायला लागलात असं समजा. आणि ते शिकायला मराठवाड्याइतकी चांगली जागा नाही, कामून ते पुढं सांगतो.

आधी बोट समजून घ्या

बोटाच्या टोकावर ज्या उंच रेषा दिसतात त्यांना रिज म्हणायचं. आईच्या पोटात साधारण दहाव्या आठवड्यापासून त्या बनायला लागतात आणि चोविसाव्या आठवड्यापर्यंत पक्क्या होतात. त्यांचं मूळ वरच्या कातडीत नसतं, खालच्या थरात असतं, म्हणून भाजलं, खरचटलं, वरचं कातडं गेलं तरी भरून आल्यावर तीच रचना परत येते. जखम खोल गेली तर मात्र कायमचा व्रण राहतो, आणि तो व्रण सुद्धा मग ओळखीच्या कामाला येतो. एकसारख्या जुळ्या भावांचा डीएनए जवळपास सारखा असतो पण ठसे वेगळे, कारण पोटात बाळाची वाढ होताना जागा, दाब, वाढीचा वेग अशा बारीकसारीक गोष्टींनी रेषा घडत जातात.

पेरणी झालेलं रान बांधावर उभं राहून बघा, तास कसे ओळीनं जातात, मधेच एखादा तास संपतो, एखादा फुटून त्याचे दोन होतात, तसंच बोटावर असतं. जिथं रिज संपते ती रिज एंडिंग, जिथं फुटते ते बायफर्केशन, नुसता ठिपका असेल तर डॉट, फुटून परत एक झाली तर लेक, आखूड तुकडा असेल तर शॉर्ट रिज. या सगळ्यांना मिळून मिन्युशिया म्हणतात आणि माणूस ओळखला जातो तो यांच्यावरून, शंख-चक्रावरून नाही. हे नीट डोक्यात बसवा, कारण नवीन माणूस हमखास "दोन्हीकडं चक्र आहे म्हणजे एकच बोट" असं म्हणून मोकळा होतो.

सामान काय लागतं

फार काही लागत नाही. काळी प्रिंटिंगची शाई, ती पसरायला काचेची किंवा अॅक्रिलिकची गुळगुळीत पाटी, रबरी रोलर, जाडसर पांढरा कागद, चार-पाच पट मोठं दाखवणारं भिंग, रेषा मोजायला दोन बारीक सुया. शाई आणि रोलर छापखान्याच्या सामानाच्या दुकानात मिळतो. शिक्क्याचं स्टॅम्प पॅड वापरू नका, ती शाई पातळ असते, पसरते आणि रिजच्या मधल्या जागा भरून टाकते. मोबाईलमधून फोटो काढून झूम करून बघण्यापेक्षा स्कॅनर असेल तर तो वापरा, किमान 500 पीपीआयवर म्हणजे एका इंचात 500 ठिपके, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून.

शाईचे ठसे घेणं, इथं घाई करू नका

पाटीवर शाईचा अगदी थेंबभर गोळा ठेवायचा आणि रोलर सगळीकडं फिरवत तो इतका पातळ करायचा की खालची काच करड्या रंगात दिसली पाहिजे. शाई जाड झाली की ठसा काळाकुट्ट येतो आणि काहीच दिसत नाही.

मग बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकदाच, हलक्या हातानं फिरवायचं. अंगठा अंगाच्या दिशेनं फिरवायचा आणि बाकीची चार बोटं अंगापासून बाहेरच्या दिशेनं, कारण तसा हात आपोआप सैल पडतो. समोरच्याला सांगायचं की तू जोर लावू नको, दुसरीकडं बघ, बोट मी फिरवतो. मागं-पुढं दोनदा फिरवलं की दुहेरी ठसा येतो, तो फुकट. दहा बोटांचे असे फिरवलेले ठसे आणि त्यांच्या खाली सपाट दाबलेले साधे ठसे, अशी टेन-डिजिट स्लिप असते. साधे ठसे कशाला तर, बोटांचा क्रम चुकला असेल तर तो तिथं उघडा पडतो.

आता मराठवाड्याचा मुद्दा. पुस्तकात जे ठसे छापलेले असतात ते स्वच्छ, रेषा न् रेषा मोकळी. आपल्याकडं तुम्ही गावात दहा जणांचे ठसे घेऊन बघा. ऊसतोडीला जाऊन आलेला माणूस, कापूस वेचणाऱ्या बाया, खडी क्रशरवर काम करणारे, गवंडी, ज्यांच्या हाताला रोज सिमेंट लागतं, यांची बोटं झिजलेली, भेगाळलेली, कोयत्याचे वार भरून आलेली. रेशन दुकानात मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून माघारी जाणारी म्हातारी माणसं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. मशीन तिथं हात टेकतं, पण शिकणाऱ्याला खरा अभ्यास तिथूनच मिळतो. ज्याचा डोळा अशा ठशांवर तयार झालाय त्याला घटनास्थळावरचा अर्धामुर्धा ठसा बघून घाबरायला होत नाही, आणि जिथं खरंच काही दिसत नाही तिथं उगाच काहीतरी दिसल्याचा भास पण होत नाही.

अशा बोटांसाठी थोडी युक्ती लागते. हात साबणानं आणि कोमट पाण्यानं धुवायचा, पूर्ण कोरडा करायचा, कातडी फारच रखरखीत असेल तर थोडं क्रीम चोळून पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि वरचं पुसून घ्यायचं. शाई आणखी पातळ, दाब आणखी कमी. उलट उन्हाळ्यात घामेजलेला हात असेल तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून लगेच ठसा घ्यायचा. भेगांच्या पांढऱ्या आडव्या रेषा ठशात येतात, त्यांना मिन्युशिया समजू नका, रिज भेगेच्या पलीकडं तशीच पुढं चालू असते.

आणि हो, हे कळकळीनं सांगतो, कुणाचाही ठसा विचारल्याशिवाय घेऊ नका आणि सरावाच्या स्लिपा कपाटात कुलूप लावून ठेवा, काम झालं की जाळून टाका. ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. आधारवरून पैसे काढायच्या सोयीचा गैरफायदा घेऊन, खरेदीखतांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवून, गरिबांची खाती रिकामी केल्याच्या केसेस देशात झालेल्या आहेत. ज्या मावशीनं तुमच्या अभ्यासासाठी बोटं काळी करून दिली तिचं नुकसान आपल्या हातून व्हायला नको. तिला जमलं तर आधारचं बायोमेट्रिक लॉक पण करून द्या.

नमुने आणि हेन्री पद्धत

पंधरा-वीस स्लिपा जमल्या की वर्गीकरणाला लागा. ढोबळमानानं तीन प्रकार, आर्च म्हणजे कमान, लूप म्हणजे आपला शंख, व्होर्ल म्हणजे चक्र. लूप सगळ्यात जास्त, साधारण साठ-पासष्ट टक्के, व्होर्ल तीस-पस्तीस आणि आर्च पाचेक टक्के. ओळखायची खूण डेल्टा, म्हणजे जिथं रेषा तिन्हीकडून येऊन त्रिकोण करतात ती जागा. साध्या आर्चला डेल्टा नसतो, लूपला एक, व्होर्लला दोन. लूप करंगळीकडं उघडत असेल तर अल्नर, अंगठ्याकडं उघडत असेल तर रेडियल. डेल्टापासून मधल्या कोअरपर्यंत सरळ रेषा धरायची आणि तिला छेदणाऱ्या रिज मोजायच्या, डेल्टा आणि कोअर सोडून, हा झाला रिज काउंट. रोज पाच ठशांचे काउंट करा आणि दुसऱ्या दिवशी आधीचा आकडा न बघता परत करा. आकडा हलत असेल तर डोळा अजून तयार नाही.

हेन्री पद्धतीत उजव्या अंगठ्यापासून बोटांना 1 ते 10 नंबर देतात, डावा अंगठा 6. पहिल्या दोन बोटांवर व्होर्ल असेल तर प्रत्येकी 16, पुढच्या दोनला 8, मग 4, 2, 1. सम नंबरच्या बोटांची बेरीज अधिक एक वर लिहायची, विषम नंबरच्यांची बेरीज अधिक एक खाली. समजा उजव्या तर्जनीवर आणि डाव्या अंगठ्यावर व्होर्ल आहे, बाकी कुठंच नाही, तर वर 16 अधिक 4 अधिक 1 म्हणजे 21, खाली नुसता 1. दहाही बोटांवर व्होर्ल असेल तर 32 वर 32. असे एकूण 1024 गट पडतात. आता कॉम्प्युटर आल्यापासून हे हातानं करायची फारशी गरज पडत नाही, पण परीक्षेत विचारतात आणि डोळ्याला वळण लागतं ते यानंच.

या पद्धतीला नाव बंगालचे तेव्हाचे इंग्रज पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचं, पण गणिताची खरी मेहनत कोलकात्यातल्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन अधिकाऱ्यांची. जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो 1897 ला कोलकात्यात सुरू झालं, लंडनच्या स्कॉटलंड यार्डात ते 1901 ला आलं. ही दोन नावं या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

जुळवणी, म्हणजे खरं काम

जगभर चालते ती चार टप्प्यांची पद्धत, एसीई-व्ही. अॅनालिसिस, कंपॅरिझन, इव्हॅल्युएशन, व्हेरिफिकेशन. सांगायला सोपी आहे पण पाळायला शिस्त लागते.

आधी फक्त घटनास्थळावरचा ठसा घ्या, पोलिसांच्या भाषेत चान्स प्रिंट. संशयिताची स्लिप उलटी करून ठेवा, बघायचीच नाही. चान्स प्रिंटमध्ये कुठल्या रिज स्पष्ट आहेत, कुठं दाबामुळं घसरल्यात, कुठं पावडर जास्त झालीय, कुठले पॉइंट, म्हणजे मिन्युशिया, तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता, ते सगळं वहीत लिहून तारीख टाका. ठसा तुलनेच्याच लायकीचा नसेल तर इथंच थांबायचं. मगच स्लिप उघडायची. एक ठळक पॉइंट धरायचा, त्याच्यापासून किती रिज सोडून कुठल्या दिशेला दुसरा पॉइंट आहे ते बघायचं, तसंच समोरच्या ठशात आहे का बघायचं. नुसते पॉइंट असून भागत नाही, प्रकार, दिशा आणि मधल्या रिजची संख्या तिन्ही जुळलं पाहिजे. आणि असा एक जरी फरक सापडला ज्याचा खुलासा देता येत नाही, तर बाकीचे कितीही जुळू द्या, ठसे वेगळे.

क्रम उलटा केला, म्हणजे स्लिप आधी बघितली, की मन त्यातलेच पॉइंट अंधुक ठशात शोधायला लागतं आणि सापडतात पण. 2004 ला माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटानंतर एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयनं ब्रँडन मेफिल्ड नावाच्या वकिलाचा ठरवला, एकानं नाही तर अनेक अनुभवी तज्ज्ञांनी, त्याला अटक झाली, आणि स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवून दिलं. कॉम्प्युटरनं करोडो ठशांमधून सगळ्यात सारखे दिसणारे निवडून दिले होते, त्यामुळं साम्य असणारच होतं, आणि मग त्या साम्यानंच डोळ्यांना ओढून नेलं. आपल्याकडं आता एनसीआरबीची, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, नॅफिस ही देशभरातल्या ठशांची सिस्टीम आहे, 2022 ला सुरू झाली, महाराष्ट्र पोलिसांची अॅम्बिस पण आहे. दोन्ही तुम्हाला संभाव्य नावांची यादी देतात. यादी म्हणजे निकाल नाही, निकाल माणसानंच द्यायचा असतो.

किती पॉइंट जुळले पाहिजेत हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आपल्या कायद्यात कुठलाही आकडा लिहिलेला नाही. कोर्टात आठ पॉइंटची चर्चा बऱ्याचदा होते, पण सुप्रीम कोर्टानं 1978 च्या मोहनलाल विरुद्ध अजित सिंग खटल्यात ते ठरवणं जाणकार तज्ज्ञाच्या अभ्यासावर सोडलं आहे. म्हणजे जबाबदारी कमी नाही झाली, वाढली.

शेवटचा टप्पा व्हेरिफिकेशन, दुसऱ्या माणसानं स्वतंत्र तपासणं. घरी शिकताना एक जोडीदार शोधा आणि तुमचं उत्तर त्याला आधी सांगू नका.

लपलेले ठसे उचलणं

पहिला नियम, हात लावायच्या आधी फोटो, मोजपट्टीसकट. दुसरा, डीएनएचा स्वॅब घ्यायचा असेल तर तो कधी घ्यायचा हे ब्रश लावायच्या आधी ठरवायचं.

काच, स्टील, गुळगुळीत रंगवलेलं कपाट यावर पावडर. गडद पृष्ठभागावर फिकी, फिक्यावर गडद. ब्रशच्या केसांची फक्त टोकं लागली पाहिजेत, रेषा दिसायला लागल्या की रिजच्या दिशेनं हलका हात आणि तिथंच थांबायचं, आणखी छान करायला गेलं की ठसा पुसतो. मग लिफ्टिंग टेप, म्हणजे ठसा उचलून घ्यायची चिकटपट्टी. घरी सरावाला मऊ मेकअपचा ब्रश आणि ग्रॅफाइटची पावडर चालते, तोंडाला मास्क लावा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ठशातला ओलावा भराभर जातो आणि पावडर धरत नाही, पावसाळ्यात पावडरच दमट होऊन गोळे होतात, हे दोन्ही हंगामात करून बघा म्हणजे कळेल.

कागदावर निनहायड्रिन नावाचं रसायन, ते घामातल्या अमिनो आम्लांशी मिळून जांभळा रंग देतं. पॉलिथिन आणि प्लॅस्टिकवर सुपरग्लूची वाफ, ओल्या वस्तूवर स्मॉल पार्टिकल रिएजंट, चिकटपट्टीच्या चिकट बाजूला जेन्शन व्हायलेट. यातलं काहीही घरी करू नका, वाफा आणि रसायनं त्रासदायक असतात, कॉलेजच्या लॅबमध्येच. आणि ठसा किती दिवसांपूर्वी उमटला हे खात्रीनं सांगता येत नाही, कुणी कितीही विचारलं तरी.

अंगठ्याची कागदपत्रं

दिवाणी कामात हा मोठा भाग आहे. इसारपावती, खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, त्यावर "निशाणी डावा अंगठा" आणि वारस म्हणतात की हा आमच्या आजाचा अंगठाच नाही. जमिनीच्या वादांनी आपल्याकडची कोर्टं भरलेली आहेत, त्यामुळं हे काम इथं कायम राहणार. अडचण अशी की अंगठा बहुतेक वेळा स्टॅम्प पॅडवर घेतलेला, फासटलेला, सहीच्या किंवा शिक्क्याच्या वर आलेला असतो. तुलनेला त्याच माणसाचा वादात नसलेला डावा अंगठाच लागतो, दुय्यम निबंधक कार्यालयातल्या जुन्या दस्तावरून तो मिळू शकतो. झेरॉक्सवर मत देऊ नका, मूळ कागद बघायला मागा. फासटलेल्या अंगठ्यावर "मत देता येत नाही" लिहिलं तर पक्षकार नाराज होतो, होऊ द्या, त्या मतावर कुणाची तरी दोन एकर जमीन अवलंबून असते.

शिक्षण आणि नोकरी

छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, तिथं बारावी सायन्सनंतर फॉरेन्सिक सायन्सची पदवी करता येते, त्यात ठशांचा विषय येतो. पुढं जायचं तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायविज्ञान विद्यापीठ आहे. साधी बीएस्सी करणाऱ्यांनी पण निराश व्हायचं कारण नाही, फक्त भरतीची प्रत्येक जाहिरात निघाल्यावर शैक्षणिक अट शब्द न् शब्द वाचा.

एक गोंधळ दूर करा. महाराष्ट्रात ठशांचं मुख्य काम न्यायसहायक प्रयोगशाळेत नसून सीआयडीच्या अंगुली मुद्रा केंद्रात चालतं, मुख्यालय पुण्यात. दिल्लीत एनसीआरबीच्या अंतर्गत केंद्रीय फिंगरप्रिंट ब्युरो आहे, 1955 ला स्थापन झालेलं, ते फिंगरप्रिंट तज्ज्ञांची अखिल भारतीय परीक्षा घेतं, पोलीस दलातल्या माणसाला ती महत्त्वाची. बाहेर जे महिन्या-दोन महिन्यांचे ऑनलाईन सर्टिफिकेट कोर्स असतात त्यातून माहिती मिळू शकते, पण सरकारी नोकरीची हमी देऊन पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

1 जुलै 2024 पासून गंभीर, म्हणजे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक टीमनं घटनास्थळी जाण्याची तरतूद सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आली आहे, राज्यांनी ती टप्प्याटप्प्यानं लागू करायची आहे. म्हणजे माणसं लागणार आहेत.

कोर्टाची तयारी आत्तापासून

तज्ज्ञाचं मत आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 खाली येतं, जुन्या एविडन्स अॅक्टमध्ये ते कलम 45 होतं. पुस्तक वाचून साक्ष देता येत नाही, म्हणून जिल्हा कोर्टात जा, खुल्या कोर्टात कुणालाही मागं बसता येतं, मोबाईल बंद ठेवून. ज्या दिवशी ठसेतज्ज्ञाची उलटतपासणी असेल तो दिवस एखाद्या ओळखीच्या वकिलाकडून माहीत करून घ्या. वकील ठशाच्या शास्त्राबद्दल कमी आणि कागदांबद्दल जास्त विचारतात. ठसा तुम्ही स्वतः उचलला का, फोटो कुणी काढला, पंचनाम्यात त्या ग्लासचा उल्लेख आहे का, सील कुणाच्या ताब्यात होतं, मुद्देमाल किती तारखेला पोचला, तुलना करताना नोंदी केल्या होत्या का, त्या आज आणल्यात का. हे प्रश्न उतरवून घ्या आणि घरी येऊन तुमच्या सरावाच्या वहीतली कुठलीही एक जुळवणी काढून त्यांची उत्तरं तिथं लिहिलेली सापडतात का बघा, नसतील तर पुढच्या स्लिपेपासून तेवढे रकाने आखून घ्या.